गाथा तरली, आजीच्या ओव्यांचं काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक हळद होती. मंडप, एलईडीची भिंत, डीजे, सगळं जागच्या जागी. मधोमध एक जातं मांडलेलं. त्याला हळदी-कुंकू, झेंडूची माळ, खुंट्याला आंब्याची पानं. पाच सुवासिनी बसल्या, हळकुंडं टाकली. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, सगळ्यांनी हात खुंट्यावर ठेवा आणि इकडं बघून हसा." झालं, घाणा भरला.

मग कुणाला तरी आठवलं की यावेळी ओव्या म्हणायच्या असतात. सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. कुणालाच येत नव्हत्या. शेवटी एका वहिनींनी यूट्यूबवर शोधून मोबाइल माइकपुढं धरला. त्यात आधी जाहिरात लागली.

माझी आजी मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिनं काही विचारलं नाही, कुणी तिला विचारलं नाही, पण तिनं आवाज लावला. दोन ओव्या म्हणाली. मंडप चिडीचूप झाला वगैरे काही नाही. पोरं पळत होती, केटरिंगवाले भांडी आपटत होते. पण जात्यापाशी बसलेल्या पाचही जणींचे हात आपोआप एका लयीत फिरायला लागले, हे मी बघितलं. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "आजी, एकदम भारी! परत एकदा घ्या, कॅमेऱ्याकडं बघून."

आजी म्हणाली, "आता नाही यायची."

आणि डीजे सुरू झाला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कॉलेजात ऑडिओच्या तासाला सरांनी आम्हाला एक गाणं ऐकवलं. फक्त बायकांचे आवाज. तबला नाही, गिटार नाही, काहीच नाही. एकीनं सुरुवात केली, दुसरीनं खालून आधार दिला, तिसरीनं टाळी धरली. गाणं संपल्यावर वर्गातल्या अर्ध्या जणांनी हात पुढं करून अंगावर आलेला काटा दाखवला. सर म्हणाले, याला 'अ कॅपेला' म्हणतात. वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यानं गायचं गाणं. मूळ शब्द इटालियन, अर्थ साधारण 'चॅपेलमध्ये गातात तसं'. गाणाऱ्या होत्या 'स्वीट हनी इन द रॉक' या ग्रुपच्या आफ्रिकन-अमेरिकन बायका.

खरं सांगायचं तर काटा माझ्याही अंगावर आला. पण त्याबरोबर थोडी लाजही वाटली. कारण वाद्याशिवाय गाणारी बाई मी लहानपणापासून ऐकत आले होते. पहाटे अर्धवट झोपेत. तिला आम्ही 'आर्टिस्ट' म्हणत नव्हतो. 'आजी काहीतरी गुणगुणतीये' एवढंच म्हणत होतो.

हा लेख त्या लाजेतून लिहितेय.

शेतातून, चर्चमधून, तुरुंगातून

आधी त्या बायकांविषयी. 'स्वीट हनी इन द रॉक' हा ग्रुप १९७३ मध्ये वॉशिंग्टन डीसीमध्ये बर्निस जॉन्सन रेगन यांनी सुरू केला. बर्निसचा जन्म १९४२ चा, जॉर्जिया राज्यातला. वडील धर्मोपदेशक. त्यांच्या चर्चमध्ये कितीतरी वर्षं पियानोच नव्हता, त्यामुळं सगळं गाणं गळ्यावर आणि टाळ्यांवर चालायचं. म्हणजे वाद्य नसणं ही त्यांची 'स्टाइल' नव्हती, परिस्थिती होती. स्टाइल नंतर झाली.

१९६१-६२ मध्ये ऑल्बनी या गावात काळ्या लोकांनी नागरी हक्कांसाठी मोठं आंदोलन केलं. बर्निस तेव्हा कॉलेजात होती, एकोणीस-वीस वर्षांची. म्हणजे आपल्यापेक्षा लहानच. तिला अटक झाली, कॉलेजमधूनही काढलं गेलं. मोर्चात आणि कोठडीत लोक गायचे ती गाणी चर्चमधली, त्याच्याही आधी गुलामगिरीतल्या शेतांवरची. फक्त शब्द प्रसंगाप्रमाणं बदलायचे. १९६२ मध्ये 'फ्रीडम सिंगर्स' हा ग्रुप तयार झाला, त्यात ती होती. पुढं तिनं इतिहासात पीएचडी केली, स्मिथसोनियन या मोठ्या संग्रहालय संस्थेत काम केलं आणि आयुष्यभर ही गाणी गोळा केली, शिकवली, गायली. २०२४ मध्ये ती गेली.

दुसरं उदाहरण 'झॅप मामा'चं. मारी डोल्न ही काँगोत जन्मलेली आणि बेल्जियममध्ये वाढलेली गायिका. काँगोतल्या यादवीत वडील मारले गेले, आईनं पोरांना घेऊन जंगलातल्या लोकांच्या आसऱ्यानं जीव वाचवला. मोठी झाल्यावर मारी त्या जंगलातल्या गाण्यांच्या शोधात परत गेली आणि फक्त बायकांच्या आवाजांचा ग्रुप काढला. १९९३ मध्ये त्यांचा अल्बम जगभर गाजला. मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांचं अनेक आवाजांत गुंफलेलं गाणं तर युनेस्कोनं २००३ मध्येच मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं.

आता लगेच 'आपली ओवी म्हणजे मराठी अ कॅपेला' असं स्टेटस ठेवायची घाई नको. फरक आहे. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकन-अमेरिकन गाण्यात एकाच वेळी वेगवेगळे सूर एकमेकांवर चढतात. आपली ओवी एकेरी आहे. एक जण म्हणते, दुसरी तोच सूर मागून उचलते. तिकडं टाळी आणि पायाचा ठेका, इकडं दगडाची घरघर. पण मूळ एकच वाटतं मला. हातात काम आहे, जवळ पैसा नाही, वाद्य शिकायची मुभा नाही, आणि सांगायला मात्र खूप काही आहे.

दगडाच्या तालावर

ओवी किती जुनी? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी. ज्ञानेश्वरी १२९० ची, आणि ती ओवीतच आहे. शाळेत आपण 'ओवी हा छंद ज्ञानेश्वरांचा' असं पाठ करतो. पण अभ्यासक सांगतात की बायकांच्या तोंडी आधीपासून असलेली गोष्ट ग्रंथात आली. आपण परीक्षेत मार्क कुणाच्या नावावर लिहिले ते बघा.

ही ओवी चालायची कशी, ते मी आजीकडून समजून घेतलं. दोघी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, एक दुमडलेला. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एकीनं मुठीनं घास टाकायचा. जातं जड असलं की सुरुवातीला नुसताच श्वास ऐकू यायचा. मग दगड फिरायला लागला, की एक जण पहिली ओळ काढायची. ती दोनदा-तीनदा घोळवायची, तोवर पुढची ओळ जुळवायची. मध्ये 'बाई', 'गं' असं घालून लय भरायची. दुसरी ती ओळ उचलायची, तेवढा पहिलीला दम मिळायचा. पायलीभर दळण म्हणजे दीड-दोन तास. दर काही महिन्यांनी पाथरवट येऊन जात्याला टाकी लावून जायचा, मग त्या दिवशी जात्याचा आवाज वेगळा लागायचा.

आणि त्या दोन तासांत काय काय यायचं! भाऊ, माहेरची वाट, लेकीचं लग्न, सासूचा जाच, दारू पिणारा नवरा, न पडलेला पाऊस, पंढरीचा विठोबा, जनाबाईचं दळण. घरात ज्या विषयावर तोंड उघडायची सोय नव्हती, तो विषय पहाटे चारला जात्यावर उघड उघड गायला जायचा. सासू पलीकडं झोपलेली असायची किंवा झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत असायची. पण गाण्यावर भांडण करता येत नाही. आजी म्हणते, "मी तुला थोडीच बोलले, मी तर जात्याला सांगत होते."

हे मला भारी वाटलं. आमच्या पिढीला वाटतं की मन मोकळं करायला प्रायव्हेट अकाउंट आपणच शोधलं.

एक लाखाहून जास्त

ओव्या कुणी जपल्याच नाहीत असं नाही. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या पुस्तकात ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य दिलं. पण सगळ्यात मोठं काम झालं ते आपल्या पुण्यात, आणि माझ्या ओळखीच्या दहापैकी नऊ जणांना ते माहीत नाही.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ या दोघांनी ऐंशीच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांत बायकांबरोबर काम करता करता ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढं ते काम महाराष्ट्रभर पसरलं. एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या आणि एक लाख दहा हजारांच्या आसपास ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक आणि कॉम्प्युटरतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि शंभरहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग झालं. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या वेबसाइटवर या ओव्या ऐकायला, वाचायला मिळतात. फुकट.

मी रात्री हेडफोन लावून ऐकत बसले. १९९६ मध्ये रेकॉर्ड केलेल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणी, ज्यांच्या ओव्यांत विठ्ठलाच्या जागी बाबासाहेब आहेत. जात्यावरचं गाणं म्हणजे फक्त 'सोज्वळ संस्कृती' नाही, तिथं राजकारणही होतं, हे मला तिथं कळलं.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती एक साधी गोष्ट. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गावाचं नाव. एरवी आपण 'लोकगीत' म्हणून मोकळे होतो. 'पारंपरिक' असं लिहिलं की कुणाला श्रेय द्यायची गरज उरत नाही. पण परंपरा काय आपोआप गाते का? गळा कुणाचा तरी असतो.

बहिणाबाई चौधरींचंच बघा. जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षर ओळख नाही. शेतात आणि जात्यावर गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव कवी होता म्हणून काही गाणी कागदावर आली. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे. मला सारखं वाटतं, सोपानदेव कवी नसून कारकून असते तर? ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता, अशा किती बहिणाबाई गेल्या असतील?

देहूला हे आधी कळायला हवं

मी देहूची. आमच्याकडं गाणं हरवण्याची आणि परत मिळण्याची गोष्ट लहान मुलालाही माहीत असते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तुकोबा काठावर धरणं धरून बसले आणि तेराव्या दिवशी वह्या वर आल्या. कुणी हा चमत्कार मानतं. कुणी म्हणतं, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडात होते, म्हणून तरले. तुम्ही कुठलंही माना. दोन्हीकडं गाथा वाचली, आणि आज गाथा मंदिराच्या भिंतींवर ती संगमरवरात कोरलेली आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही आधी तिथंच नेतो.

याच देहूत तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई शिऊरकर आल्या होत्या. त्यांनी अभंगात स्वतःचं आयुष्य लिहून ठेवलं, नवऱ्याच्या रागासकट. सतराव्या शतकात! म्हणजे बाईनं स्वतःचं स्वतः सांगणं ही या गावाला नवी गोष्ट नाही.

मग मला प्रश्न पडतो. 'लोकांच्या तोंडी राहिलं म्हणून वाचलं' ही गोष्ट ज्या गावाचा अभिमान आहे, त्या गावात आज जी गाणी फक्त तोंडीच आहेत, त्यांच्याकडं आमचं लक्ष का नाही? गाथेला निदान वह्या होत्या. आजीच्या ओव्यांना वही नाही, भिंत नाही. तिचं तोंड मिटलं की त्या गेल्या. आणि त्या तेराव्या दिवशी वर येणार नाहीत. तेरावा दिवस आला की आपण फक्त जेवण घालतो.

"मग काय जातं परत आणायचं?"

हे सगळं मी मित्रांना सांगितलं, तर एक जण म्हणाला, "अगं, दळण संपलं तर ओवी संपणारच ना. रडायचं काय त्यात? का परत जातं आणायचं घरात?"

प्रश्न बरोबर आहे. तो मी आजीलाच विचारला. ती हसली नाही. म्हणाली, "जातं नको गं बाई परत कुणाच्या वाट्याला. पोटुशी असताना दळलंय मी. खांदा उतरायचा." गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी पेढे वाटले असते, पण पेढ्याला पैसे नव्हते, असंही म्हणाली. म्हणजे 'ते दिवस किती छान होते' हा सूर लावायचा हक्क ज्यांनी कधी दळलं नाही त्यांना नाही. मला तर अजिबात नाही.

पण कष्ट गेले म्हणून त्या कष्टात जन्मलेलं गाणंही टाकून द्यायचं, हे मला पटत नाही. पुन्हा बर्निसकडं बघा. गुलामगिरी परत यावी असं कुठल्या काळ्या माणसाला वाटेल? तरी त्या शेतांवरची गाणी त्यांनी टाकली नाहीत. शंभर वर्षांनी तीच गाणी मोर्चात उपयोगी आली. आपल्या आधीच्या बायकांनी काय सोसलं आणि त्याच्यापुढं त्या गप्प बसल्या नाहीत, याचा पुरावा त्या गाण्यात होता. आजीच्या पिढीच्या बायकांची डायरी नाही, पत्रं नाहीत, सातबाऱ्यावर नावं नाहीत. त्यांनी स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं जे काही आहे, ते ओवीत आहे. ते गेलं, तर त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं तेवढंच उरेल.

दुसरा मुद्दा काकूनं काढला. "आमचं भजनी मंडळ आहे की! दर एकादशीला गातो आम्ही बायका." खरंय, आणि ते मस्त चालू आहे. पण भजनात शब्द संतांचे असतात. ते कितीही थोर असले तरी काकूचे नाहीत. ओवीत शब्द तिचे स्वतःचे असायचे. तिचा भाऊ, तिचं माहेर, तिचा राग. भजनी मंडळ ओवीची जागा घेऊ शकत नाही. हां, जोडीला नक्की घेऊ शकतं. भजन संपल्यावर दहा मिनिटं ज्येष्ठ बायकांना ओव्या म्हणायला सांगितलं तर काय बिघडेल?

दहा बाय दहाच्या खोलीतला मराठवाडा

अजून एक गोष्ट, जी आम्हा देहूकरांना पटकन सुचत नाही. वारसा म्हटलं की आमच्या डोक्यात फक्त जुनी घरं येतात. पण आज देहू, तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यात कोण राहतं? कंपनीच्या शिफ्टला जाणारी बीड, लातूर, परभणी, यवतमाळची पोरं-पोरी. दोघं नवरा-बायको कामाला, आणि नातवंडं सांभाळायला गावाकडून आलेली आई किंवा सासू. ती दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत. शेजारी कुणी ओळखीचं नाही. आम्ही गाववाले त्यांना 'भाडेकरू' म्हणतो आणि विषय संपवतो.

आमच्या मागच्या चाळीत अशाच एक आजी आहेत, परभणीकडच्या. एका संध्याकाळी लाइट गेली म्हणून त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. बोलता बोलता माझ्या आजीनं एक ओवी म्हटली. त्या म्हणाल्या, "आमच्यात असं न्हाई म्हणत, माय," आणि तीच ओवी वेगळ्या चालीत, वेगळ्या शब्दांत म्हटली. मग तासभर दोघींचा सामनाच. एकीचं माहेर मावळात, एकीचं गोदावरीच्या काठाला. आजवर दोघी रस्त्यात भेटल्या तर पाण्याच्या टँकरबद्दलच बोलायच्या.

हजारभर गावांत फिरून हेमाताईंच्या टीमनं जे जमवलं, त्यातला थोडा भाग आज आपल्याच गल्लीत भाड्यानं राहतोय. गावोगाव फिरायची गरज नाही. फक्त जिना चढायचाय.

काय करता येईल?

मी कुठली तज्ज्ञ नाही. पण चार महिने आजीच्या मागं फिरून ज्या चुका केल्या, त्यावरून सांगते.

पहिली चूक मी केली ती ट्रायपॉड लावण्याची. आजी गप्पच झाली. नंतर कळलं, फोन शेजारी उलटा ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड केला तर ती विसरून जाते. दुसरी चूक, 'म्हण की एखादी' असा आग्रह. ओवी ऑर्डरवर येत नाही. तिचे हात कामात असले की येते. मी तिच्यापुढं शेंगा फोडायला ठेवल्या, तांदूळ निवडायला दिले. हात फिरायला लागले आणि गाणं आलं.

तिसरं, प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलून ठेवा. 'न्यू रेकॉर्डिंग १७' या नावानं फाइल पडून राहिली, तर दहा वर्षांनी ती तुम्हालाही कळणार नाही. शब्द त्याच आठवड्यात वहीत उतरवा. न कळलेला शब्द तिलाच विचारा, गूगलला नको. आणि फाइल फोनमध्येच ठेवू नका, फोन पाण्यात पडतात.

चौथं आणि महत्त्वाचं, विचारल्याशिवाय अपलोड करू नका. ओवीवर बीट टाकून रील करायची असेल तर करा, मला त्यात पाप वाटत नाही. गाणं बदलत आलंय, बदलेल. पण खाली तिचं नाव लिहा. 'ट्रॅडिशनल' नको.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. एनएसएसच्या शिबिरात आपण गावात जाऊन भिंती रंगवतो, झाडं लावतो. त्यातली एक दुपार म्हाताऱ्या बायकांपाशी बसायला द्या. दहा पोरं, दहा फोन, दहा आज्या. आणि आमच्या पट्ट्यातल्या लग्नघरांना हात जोडून एकच विनंती. घाणा भरताना डीजेवाल्याला अर्धा तास चहा प्यायला पाठवा. त्या अर्ध्या तासात मंडपातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मागच्या खुर्चीवरून उठवून जात्यापाशी बसवा. फोटो नंतर काढा.

माझ्याकडं आजपर्यंत आजीच्या त्रेसष्ट ओव्या जमल्यात. त्यातल्या अकरा मी स्वतः न बघता म्हणू शकते. सूर वाईट लागतो, आजी तोंड फिरवून हसते, पण चालतंय.

एक ओवी मात्र माझ्याकडं नाही. माझ्या बाबांच्या आधी तिला एक मुलगी होती, दीड वर्षाची होऊन गेली. हे मला मागच्या महिन्यापर्यंत माहीतच नव्हतं. त्या लेकीवर तिनं रचलेली ओवी तिनं मला एकदा म्हणून दाखवली, आणि मी फोनकडं हात नेला तशी म्हणाली, "ही नको घेऊस. ही माझ्यापाशीच राहू दे."

मी फोन खाली ठेवला. वारसा जपायचा म्हणजे सगळंच हाती यायला हवं असं नाही, हे तिनं मला शिकवलं. पण आजीला एक लेक होती, हे मला कुठल्याही कागदावरून कळलं नसतं. ते ओवीमुळं कळलं.

तुमच्या घरातल्या आजीला काय काय माहीत आहे, ते तुम्हाला माहीत आहे का? येत्या रविवारी तांदूळ निवडायला घेऊन तिच्याशेजारी बसा. फोन उलटा ठेवा.